छोट्या कॅबिनेटमधला संगणक: आपल्या हवेत कितपत चालतो?

जुळवलेल्या डेस्कटॉपचे झाकण उघडले की सगळ्यात आधी दिसते ती रिकामी जागा. टेबलाखालचे नेहमीचे कॅबिनेट ४० ते ५० लिटरचे असते आणि त्यातला बराच भाग आज कशालाच लागत नाही. डीव्हीडी ड्राइव्ह गेले. साडेतीन इंची हार्ड डिस्क बहुतेक घरांतून हद्दपार झाल्या. साउंड कार्ड आणि नेटवर्क कार्ड मदरबोर्डातच सामावले. एसएसडी २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब पट्टी होऊन थेट बोर्डावर आडवी झाली. मग एवढा पेटारा घरात कशाला ठेवायचा? मुंबई-ठाण्याच्या वन रूम किचनमध्ये किंवा पुण्यात चौघांनी मिळून भाड्याने घेतलेल्या फ्लॅटमध्ये अभ्यासाचे टेबल म्हणजे जेमतेम अडीच फुटांची फळी असते. तिथे हा प्रश्न निव्वळ हौसेचा राहत नाही.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांचा हा आढावा. माझे मत आधीच सांगतो. लहान कॅबिनेटमध्ये ताकदीचा संगणक बसतो की नाही, ही शंका आता उरलेली नाही, बसतो. पण तो एप्रिल-मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत, रोज चालवायचा असेल तर किती लिटरचे कॅबिनेट घ्यायचे हे ठरवण्याआधी आत किती वॅट जाळायचे हे ठरवावे लागते. वीस-बावीस अंशांच्या खोलीत केलेली परीक्षणे पाहून खरेदी करणारा आपल्याकडचा ग्राहक नेमका इथेच फसतो.

आधी मापांची गोष्ट. आज वापरात असलेली मोठ्या मदरबोर्डची चौकट, एटीएक्स, इंटेलने १९९५ मध्ये ठरवली: ३०५ बाय २४४ मिलिमीटर. दोन वर्षांनी तिचे लहान भावंड मायक्रो-एटीएक्स आले, २४४ बाय २४४. खरी उडी मारली तैवानच्या व्हीआयए कंपनीने. तिने २००१ मध्ये १७० बाय १७० मिलिमीटरचा मिनी-आयटीएक्स बोर्ड मांडला. व्हीआयएला आपले कमी वीज खाणारे प्रोसेसर विकायचे होते. पंख्याविना चालणारी यंत्रे, दुकानातले गल्ले, जाहिरातींचे पडदे हे तिचे गिऱ्हाईक. गेम खेळण्याचा किंवा व्हिडिओ संपादनाचा विचार त्यात नव्हता. त्याच वर्षी तैवानच्याच शटल कंपनीने एसव्ही २४ नावाचा चौकोनी ठोकळा बाजारात आणला. त्यात मदरबोर्ड आणि एसएमपीएस आधीच बसवलेले असत; आपण प्रोसेसर, रॅम आणि डिस्क घालायची.

शटलचा ठोकळा देखणा होता आणि पुढची काही वर्षे तो चाललाही. पण त्याचा बोर्ड त्याच्याच कॅबिनेटपुरता. बोर्ड गेला की कॅबिनेट भंगारात. मिनी-आयटीएक्सचे तसे नव्हते. त्याच्या चार स्क्रूंची भोके आणि मागच्या जोडण्यांची जागा एटीएक्सशी जुळणारी ठेवली होती. कोणत्याही कंपनीचा बोर्ड कोणत्याही कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसू शकतो, या एका निर्णयामुळे मूळ हेतू मागे पडला तरी हे माप टिकले. आज लहान संगणक जुळवणारा जवळजवळ प्रत्येक जण याच १७ सेंटिमीटरच्या चौकोनापासून सुरुवात करतो.

मोठ्या कंपन्यांनी बरीच वर्षे या क्षेत्राकडे लक्ष दिले नाही. ती पोकळी हौशी लोकांनी भरली, आणि संगणकाच्या इतिहासातले हे एक सुंदर प्रकरण आहे. २०१३ मध्ये एनकेस एम १ नावाचे १२.६ लिटरचे अॅल्युमिनियमचे कॅबिनेट लोकवर्गणीतून उभे राहिले. आराखडा हौशी मंडळींचा आणि बनवून देणारी तैवानची लियान ली कंपनी. पाठोपाठ जर्मनीच्या डॅनिएल हॅन्सन यांनी ७.२ लिटरचे डॅन ए ४-एसएफएक्स आणले. त्यात मदरबोर्ड आणि ग्राफिक कार्ड एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात आणि दोघांमध्ये एक पातळ पत्रा असतो. पूर्ण लांबीचे ग्राफिक कार्ड सात लिटरमध्ये बसते, हे या कॅबिनेटने दाखवून दिल्यावर मोठ्या कंपन्यांना जाग आली. २०२० मध्ये कूलर मास्टरचे एनआर २०० आले, १८ लिटरच्या आसपास. अॅल्युमिनियमऐवजी साधा पोलादी पत्रा, पण किंमत सर्वसामान्यांच्या आवाक्यातली. २०२३ मध्ये स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाइनने लाकडी पट्टी लावलेले १०.४ लिटरचे टेरा आणले आणि लहान संगणक दिवाणखान्यात शोभू लागला.

लिटरचा आकडा ज्यांना डोळ्यांसमोर आणता येत नाही त्यांच्यासाठी: १५ किलो तेलाच्या डब्यात साधारण साडेसोळा लिटर मावतात. एनआर २०० त्याहून थोडे मोठे, टेरा त्याच्या पाऊण भागाहूनही लहान. लहान कॅबिनेट म्हणजे २० लिटरच्या आतले, असा एक सर्वमान्य संकेत आहे. पण हा आकडा अर्धीच हकिकत सांगतो. १४ लिटरची दोन कॅबिनेटे घेतली आणि एक उंच-अरुंद, दुसरे बुटके-रुंद असले, तर एकात बसणारा कूलर दुसऱ्यात बसत नाही. विकत घेताना लिटरपेक्षा तीन मापे कामाची: प्रोसेसरवरच्या कूलरला मिळणारी उंची, ग्राफिक कार्डाला मिळणारी लांबी व जाडी, आणि एसएमपीएसचा प्रकार. टेरामध्ये मधला कणा सरकवता येतो. ग्राफिक कार्डाला जाडी द्याल तर कूलरला ४८ मिलिमीटर उरतात, कार्ड पातळ घ्याल तर ७७ पर्यंत मिळतात. लहान कॅबिनेटचे अवघे गणित या एका सरकत्या पत्र्यात दिसते.

आतली मांडणी ढोबळमानाने तीन तऱ्हांची. पहिली एनआर २०० सारखी, म्हणजे मोठ्या कॅबिनेटचीच आखूड आवृत्ती. कार्ड थेट बोर्डात बसते. दुसरी डॅनसारखी पाठीला पाठ लावलेली. तिसरी दूरदर्शनसंचाखाली आडवे ठेवायचे चपटे कॅबिनेट, जसे फ्रॅक्टलचे नोड २०२. दुसऱ्या आणि तिसऱ्या तऱ्हेत कार्ड बोर्डापासून लांब जाते, म्हणून दोघांना जोडणारी रिबनसारखी रायझर केबल लागते. ही केबल म्हणजे लहान कॅबिनेटचे सर्वात नाजूक ठिकाण. जुनी केबल पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीसाठी बनवलेली आणि कार्ड चौथ्या पिढीचे असले, तर पडदा काळा राहतो किंवा संगणक मध्येच अडकतो. बायोसमध्ये जाऊन तो वेग तिसऱ्या पिढीवर आणला की बहुतेक वेळा काम भागते, आणि कामगिरीत फारसा फरक जाणवत नाही. पण पडदाच लागत नसेल तर बायोसमध्ये जायचे कसे? त्यासाठी ज्या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक आहे तो घ्यावा; अडचणीच्या वेळी तोच हात देतो.

रायझरचा एक प्रसंग तर सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. २०२० मध्ये एनझेडएक्सटी कंपनीने एच १ नावाचे उभे, अरुंद कॅबिनेट आणले. त्यात रायझरची पाटी कॅबिनेटला घट्ट करणारे दोन धातूचे स्क्रू त्या पाटीतल्या विजेच्या मार्गाला लागून शॉर्ट सर्किट होण्याचा आणि त्यातून आग लागण्याचा धोका निघाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगामार्फत ती कॅबिनेटे परत मागवली गेली. मोठ्या कॅबिनेटमध्ये अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तर काही बिघडत नाही. लहान कॅबिनेटमध्ये मिलिमीटरला अर्थ येतो, आणि तो समजून घेतल्याशिवाय कोणाचेही स्वस्त, बिननावाचे रायझर लावू नये.

आता वॅटकडे वळू. २०१६ चे जीटीएक्स १०८० हे त्या काळातले एनव्हिडियाचे वरच्या श्रेणीचे कार्ड १८० वॅट घेई. २०२० चे आरटीएक्स ३०८० ३२० वर गेले, २०२२ चे ४०९० ४५० वर, आणि २०२५ चे ५०९० चक्क ५७५ वॅटवर. नऊ वर्षांत तिपटीहून अधिक. कॅबिनेटे आकसत गेली आणि कार्डे फुगत गेली, असा हा उलटा प्रवास. लहान कॅबिनेटवाल्यांची ओरड शेवटी कंपन्यांच्या कानी गेली असावी. जून २०२४ मध्ये एनव्हिडियाने लहान कॅबिनेटला योग्य कार्डांसाठी मर्यादा जाहीर केली: लांबी ३०४, उंची १५१ आणि जाडी ५० मिलिमीटरपर्यंत. त्यामुळे खोक्यावरचा शिक्का पाहून कार्ड निवडता येऊ लागले. पण ती मर्यादा मापाची आहे, उष्णतेची नव्हे. बसणारे कार्ड गार राहीलच असे नाही.

उष्णतेचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राने मांडता येतो. समजा प्रोसेसर, कार्ड आणि इतर सगळे मिळून ३०० वॅट जाळतात. ही सगळी वीज शेवटी उष्णता होते. आत येणारी हवा बाहेर पडेपर्यंत १० अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नाही असे ठरवले, तर दर सेकंदाला साधारण २५ लिटर हवा कॅबिनेटमधून वाहावी लागते. १० लिटरच्या कॅबिनेटमध्ये याचा अर्थ असा की आतली सारी हवा सेकंदाला अडीच वेळा बदलली पाहिजे. ५०० वॅट केले तर चार वेळा. लहान पंख्यांकडून हे काम करून घ्यायचे तर ते वेगाने फिरतात, आणि वेगाने फिरणारा लहान पंखा कानाला बोचतो. जाळीदार पत्र्यापेक्षा काचेचे झाकण सुंदर दिसते खरे, पण हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवला तर लहान कॅबिनेटला काच लावणे मला चुकीचेच वाटते.

जे हौशी माणसाचे चुकते ते जगातल्या श्रीमंत कंपनीचेही चुकले आहे. ॲपलने २००० मध्ये पॉवर मॅक जी ४ क्यूब काढला: पंखा नसलेला, सुमारे वीस सेंटिमीटरचा पारदर्शक आवरणातला ठोकळा. वर्षभरात, जुलै २००१ मध्ये, त्याचे उत्पादन थांबवले गेले. पुढे २०१३ चा मॅक प्रो आला, काळा चकचकीत दंडगोल. त्याच्या पोटात अॅल्युमिनियमचा एक त्रिकोणी गाभा होता. त्याच्या तीन बाजूंना प्रोसेसर आणि दोन ग्राफिक कार्डे चिकटवलेली, आणि वरून एकच पंखा सगळी हवा ओढून घेई. तीन बाजूंनी सारखीच उष्णता येईल, या गृहीतकावर ती रचना उभी होती. पुढे उद्योगाला एकच मोठे, जास्त वॅटचे कार्ड हवे झाले आणि त्या त्रिकोणाच्या एका बाजूला ते पेलेना. एप्रिल २०१७ मध्ये ॲपलच्या वरिष्ठांनी पत्रकारांना बोलावून कबूल केले की उष्णतेच्या बाबतीत आपण स्वतःलाच कोंडीत पकडले. २०१९ चा मॅक प्रो पुन्हा मोठ्या, जाळीदार, उभ्या कॅबिनेटमध्ये आला. दंडगोलाची रचना त्या दिवसापुरती उत्तम होती. उद्याच्या भागांसाठी तिने जागाच ठेवली नव्हती. लहान कॅबिनेट निवडताना दोन-तीन वर्षांनी कार्ड बदलणार असू, तर याच दृष्टीने पाहावे.

आणि आता आपली हवा. परीक्षणात प्रोसेसर ७२ अंशांवर स्थिर राहिला असे वाचले तर त्या खोलीचे तापमान किती होते, हे आधी शोधावे. खोली २२ अंशांची असेल तर प्रोसेसर खोलीपेक्षा ५० अंशांनी वर आहे. हा फरक त्याच कामाला, त्याच पंख्याच्या वेगाला जवळपास तेवढाच राहतो. पुण्यात मे महिन्याच्या दुपारी बंद खोली ३६-३७ अंशांची होते. तिथे तोच प्रोसेसर ८६-८७ वर जातो. नागपूर-चंद्रपूरला बाहेर पारा ४५ च्या पुढे असतो. एअर कूलर लावलेल्या खोलीतही ३२-३३ धरले तर आकडा ८२-८३ येतो, आणि कूलरने हवेत घातलेला ओलावा वेगळाच. हल्लीचे प्रोसेसर ८९ ते १०० अंशांच्या दरम्यान कुठेतरी स्वतःच वेग कमी करतात, जळत नाहीत. पण ज्या वेगासाठी पैसे मोजले तो वेग ऐन उन्हाळ्यात मिळत नाही. एसएसडीचेही तेच, बोर्डाच्या पाठीमागे, पत्र्याला लागून बसवलेली एसएसडी सर्वात आधी तापते, आणि मिनी-आयटीएक्स बोर्डावर दुसरी एसएसडी बहुधा तिथेच असते.

धूळ हा याचाच दुसरा भाग. कमी जागेतून जास्त हवा ओढायची म्हणजे जास्त धूळ ओढायची. हीटसिंकच्या पातळ पात्यांमध्ये नमद्यासारखा थर साचतो आणि सहा महिन्यांत तापमान हळूहळू चढते. मोठे कॅबिनेट दिवाळीच्या साफसफाईला एकदा उघडले तरी चालून जाते. लहान कॅबिनेट दिवाळीला आणि शिवाय उन्हाळा सुरू होण्याआधी, असे दोनदा उघडायलाच हवे. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते हवेने भलत्या वेगाने फिरते आणि बेअरिंग खराब होते. कोकणात आणि गोव्यात खारा वारा आणि पावसाळी दमटपणा आहे. तिथे संगणक आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नये. रोज थोडा वेळ चालू राहिला की आतला ओलावा निघून जातो.

मग प्रोसेसर कोणता घ्यावा? सर्वात वरचा नक्कीच नव्हे. इंटेलचा कोअर आय ९-१३९००के पूर्ण जोरात २५३ वॅट घेतो. तो दहा लिटरच्या कॅबिनेटमध्ये बसवणे म्हणजे पैसे उष्णतेत घालवणे. एएमडीचा रायझन ७ ७७०० कागदावर ६५ वॅटचा, प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत जातो, आणि घरगुती गेमिंगपासून व्हिडिओ संपादनापर्यंत बहुतेकांना पुरून उरतो. एएमडीच्या मोठ्या प्रोसेसरनाही बायोसमध्ये इको मोड लावून २३० वरून ८८ वॅटवर आणता येते. वीज निम्म्याहून कमी होते, काम मात्र त्या प्रमाणात घटत नाही. ग्राफिक कार्डाचीही हीच तऱ्हा. वरच्या श्रेणीच्या कार्डाची वीजमर्यादा चतुर्थांशाने उतरवली तर वेग काही टक्क्यांनीच घसरतो, कारण शेवटच्या थोड्या वेगासाठी कंपन्या अवाच्या सवा वीज ओततात. लहान कॅबिनेट चालवण्याची खरी कला इथे आहे. जो हे दोन बदल करायला तयार नाही त्याने मोठे कॅबिनेट घ्यावे, हे मी मित्रांना स्पष्ट सांगतो.

कूलर कॅबिनेटप्रमाणे ठरतो. नॉक्टुआचे एनएच-एल ९ ३७ मिलिमीटर उंच, थर्मलराइटचे एएक्सपी ९०-एक्स ४७ नावाप्रमाणे ४७ मिलिमीटर, नॉक्टुआचेच एनएच-एल १२एस ७० मिलिमीटर. ६५ वॅटच्या प्रोसेसरला ४७ चा कूलर आपल्या हवेत कसाबसा पुरतो, ७० चा निश्चिंतपणे पुरतो. एनआर २०० मध्ये जाळीदार झाकण असेल तर १५० मिलिमीटरच्या वरचा उभा कूलरही बसतो, आणि म्हणूनच ते अठरा लिटर मला कधी जास्त वाटले नाहीत.

एसएमपीएसमध्ये एसएफएक्स हा प्रकार घ्यायचा: १२५ बाय १०० बाय ६३.५ मिलिमीटर. एकेकाळी हे कार्यालयीन यंत्रांचे कमी ताकदीचे माप होते, आज त्यात ७५० वॅट सहज मिळतात. गरज ३०० वॅटची असली तरी ६०० चा घ्यावा. निम्म्या भारावर तो कमी तापतो आणि त्याचा पंखा शांत राहतो. माहितीपत्रकात किती तापमानाला तो आकडा दिला आहे ते पाहावे; ४० अंशांचा आणि ५० अंशांचा यात आपल्याकडे फरक पडतो. केबल सुट्या करता येणाऱ्या असाव्यात, नाहीतर नको असलेल्या वायरींचा गठ्ठा कोंबायला जागा नसते.

जुळवण्याचे काम इथे वेगळ्या क्रमाने होते, आणि तो क्रम चुकला की सगळे काढून पुन्हा बसवावे लागते. प्रोसेसर, रॅम, दोन्ही एसएसडी आणि कूलर हे सारे बोर्ड बाहेर टेबलावर असतानाच बसवायचे, कारण पाठीमागची एसएसडी नंतर हाती लागत नाही. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची जोडणी असते. कूलर आणि कॅबिनेटची कड यांच्यामध्ये तिथे दोन बोटेही शिरत नाहीत, म्हणून ती केबल बोर्ड आत उतरवतानाच लावून घ्यायची आणि खटका बसल्याचा आवाज ऐकायचा. त्यानंतर पुढच्या बटणाच्या बारीक वायरी, मग चोवीस पिनांची जाडजूड केबल, आणि अगदी शेवटी ग्राफिक कार्ड. नव्या कार्डांची सोळा पिनांची जोडणी विशेष सांभाळावी. २०२२ मध्ये ४०९० च्या या जोडण्या वितळल्याच्या घटना घडल्या. प्लग पूर्ण आत न गेल्यावर असे होते, आणि केबल तोंडापाशीच मुरडली तर तो सैल होतो. म्हणून पहिले ३५ मिलिमीटर ती सरळ असावी. एनव्हिडियाच्या स्वतःच्या ४०९० ची उंची १३७ मिलिमीटर. त्यात ३५ मिळवले की १७२. कॅबिनेटचे झाकण त्याच्या आत येत असेल तर ते झाकण केबल दाबणार. झाकण जोर देऊन बसत असेल तर बसवू नका. कुठली वायर मध्ये येते ते शोधा.

किमतीचा मुद्दा थोडक्यात. तोच चिपसेट असलेला मिनी-आयटीएक्स बोर्ड मायक्रो-एटीएक्सपेक्षा महाग पडतो, तरी त्यात रॅमच्या खाचा दोनच आणि कार्डाची एकच. एसएफएक्सही मोठ्या एसएमपीएसपेक्षा महाग. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, मोठ्या कॅबिनेटांच्या थप्प्या दिसतात. लहान हवे असेल तर बहुधा मागवून घ्यावे लागते. त्यामुळे अमेरिकेत किंवा दुबईत असलेल्या नातेवाइकांकडून भाग मागवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. कॅबिनेट आणि कूलर खुशाल मागवावेत, त्यांत बिघडण्यासारखे फारसे नसते. ग्राफिक कार्ड आणि एसएमपीएस मात्र इथल्या बिलावरच घ्यावेत, कारण बऱ्याच कंपन्या दुसऱ्या देशात विकलेल्या मालाची हमी इथे पाळत नाहीत.

जुळवायचेच नसेल तर पर्याय बरेच झाले आहेत. इंटेलने तळहाताएवढे एनयूसी दशकभर विकले, २०२३ च्या जुलैत त्यातून अंग काढले आणि ती परंपरा आसुसकडे गेली. ॲपलचा २०२४ चा मॅक मिनी १२.७ सेंटिमीटरच्या चौकोनात बसतो, उंची पाच सेंटिमीटर, म्हणजे आकारमान एक लिटरच्या आत. लेखन, संकलन, संगीत, फोटो, हलके व्हिडिओ यांसाठी त्याला तोड नाही, पण घेताना जी रॅम घ्याल ती कायमची. एएसरॉकचा डेस्कमिनी दोन लिटरच्या आत असून त्यात रॅम आणि प्रोसेसर बदलता येतात. २०२५ मध्ये फ्रेमवर्क कंपनीने साडेचार लिटरचा डेस्कटॉप आणला. त्याचा बोर्ड मिनी-आयटीएक्स मापाचा असला तरी १२८ जीबीपर्यंतची रॅम त्यावर पक्की जोडलेली असते. वेगासाठी ती तडजोड केली असे कंपनीचे म्हणणे आहे आणि ते तांत्रिकदृष्ट्या पटते. तरीही ज्याला आज सोळा आणि दोन वर्षांनी बत्तीस असे टप्प्याटप्प्याने वाढवायचे आहे, त्या मध्यमवर्गीय घराला हे सोयीचे नाही. लॅपटॉपबद्दल एवढेच सांगतो की गावी-शहरात फिरणाऱ्याने लॅपटॉपच घ्यावा. एका जागी बसून काम करणाऱ्याला त्याच पैशांत डेस्कटॉप अधिक देतो आणि बिघडल्यावर भागाभागाने दुरुस्त होतो.

या सगळ्यावरून माझा कौल असा. एसी नसलेल्या खोलीत पाच लिटरच्या आतल्या यंत्रात वेगळे ग्राफिक कार्ड घालू नये. तिथे प्रोसेसरमधलेच ग्राफिक पुरे, आणि रायझन ७ ८७००जी सारख्या प्रोसेसरमध्ये ते चांगलेच पुरेसे असते. दहा ते अठरा लिटरमध्ये प्रोसेसर ८८ वॅटपर्यंत आणि कार्ड २०० वॅटपर्यंत, म्हणजे आरटीएक्स ४०६० ते ४०७० च्या पातळीचे, असा मेळ उन्हाळ्यातही टिकतो. सात-आठ लिटरची सुंदर कॅबिनेटे वर्षभर एसीत बसणाऱ्यांसाठी राहू द्यावीत. ज्याला ४०० वॅटच्या वरचे कार्ड हवे आहे त्याने मायक्रो-एटीएक्सचे तीसेक लिटरचे जाळीदार कॅबिनेट घ्यावे. पैसेही वाचतील आणि कानही.

खरेदीला निघण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: मे महिन्यातले तुमच्या खोलीचे तापमान, प्रोसेसर आणि कार्ड यांचे मिळून वॅट, कूलरची उंची, आणि कार्डाची लांबी व जाडी. कॅबिनेट सगळ्यात शेवटी निवडा आणि त्याचे झाकण जाळीचे घ्या.